दुपारची सुस्ती आणि कामाचे वेळापत्रक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुपारच्या जेवणानंतर कामाच्या ठिकाणी जी मरगळ येते, तिच्याविषयी सहसा दोनच सुरांत बोलले जाते. एक सूर उपदेशाचा असतो आणि त्यात कामचुकारांनाच दिवसा झोप येते असे गृहीत धरलेले असते. दुसरा सूर थट्टेचा असतो आणि तो चहा-कॉफीच्या यंत्रापाशी जाऊन थांबतो. कार्यालयातील कामाची वाटणी, बैठकांच्या वेळा आणि पाळ्यांचे तक्ते ठरवण्याचे काम पुष्कळ वर्षे केल्यामुळे मला या प्रश्नाकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहावे लागले. रोज साधारण त्याच वेळी, त्याच तऱ्हेने आणि बहुतेक सर्वांना होणारी गोष्ट कुणा एकाच्या स्वभावाचा दोष असू शकत नाही, आणि जी गोष्ट होणार हे आधीच ठाऊक असते तिची तजवीज वेळापत्रकात करता येते. ती न करता सगळा भार प्रत्येकाच्या हातातील पेल्यावर टाकणे सोयीचे खरे, पण त्या सोयीची वसुली रात्रीच्या झोपेतून होते, आणि दुसऱ्या दिवशीची दुपार आणखी जड जाते, हे या पत्रातून मांडावयाचे आहे.

ही सुस्ती जेवणामुळेच येते, हा समज अर्धाच खरा आहे. दुपारचे जेवण न घेतलेल्या, इतकेच काय पण घड्याळापासून आणि दिवसाच्या उजेडापासून दूर ठेवलेल्या माणसांमध्येही दुपारच्या सुमारास सतर्कता खाली येते, असे झोपेच्या प्रयोगशाळांतून दिसून आले आहे. त्यामागील कारण समजून घेण्यासाठी अलेक्झांडर बोर्बेली या संशोधकांनी १९८२ मध्ये केलेली मांडणी आजही उपयोगी पडते. झोप आणि जाग यांचा तोल दोन निरनिराळ्या प्रक्रियांवर अवलंबून असतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांपैकी एक म्हणजे झोपेचा साठत जाणारा दाब. सकाळी डोळे उघडल्यापासून जितका वेळ आपण जागे राहतो तितकी झोपेची ओढ वाढत जाते, आणि या ओढीमागे मेंदूत साचत जाणाऱ्या ॲडेनोसिन या द्रव्याचा मोठा वाटा असल्याचे संशोधनाने दाखवले आहे. दुसरी प्रक्रिया म्हणजे शरीराचे सुमारे २४ तासांचे चक्र. मेंदूच्या तळाशी असलेला जेमतेम २०,००० चेतापेशींचा एक पुंजका हे चक्र चालवतो आणि दिवस कलत जाईल तसतसा जागे राहण्याचा रेटा वाढवत नेतो. सकाळी सहा-सातला उठलेल्या माणसाच्या अंगात दुपारी दोन-तीनपर्यंत झोपेचा दाब बराच साठलेला असतो, पण त्याला तोलून धरणारा चक्राचा रेटा अजून पुरत्या जोरावर आलेला नसतो. तो संध्याकाळी येतो. मधल्या या फटीत पापण्या जड होतात. तीन वाजता कागदांवर पेंगणारा माणूस सायंकाळी सहाला, काहीही न घेता, पुन्हा हुशार झालेला दिसतो तो यामुळेच, आणि त्याचे श्रेय मात्र चार वाजता घेतलेल्या कॉफीला दिले जाते.

ही घसरण सर्वांची सारखी नसते. पहाटे उठणाऱ्यांना ती लवकर गाठते, उशिरा जागणाऱ्यांना उशिरा, आणि रात्री ज्यांची झोप अपुरी झाली आहे त्यांना ती सर्वांत जास्त छळते. ती केवळ जांभयांपुरती मर्यादित राहते असेही नाही. चालकाला डुलकी लागून होणाऱ्या वाहन-अपघातांची वेळेनुसार मांडणी केली असता मध्यरात्रीनंतर ते पहाटेपर्यंत त्यांची संख्या सर्वाधिक दिसते, पण दुपारीही त्यात एक लहानशी वाढ आढळते. कार्यालयात तसे दृश्य काही घडत नाही. तेथे आकडा चुकीच्या रकान्यात पडतो, पत्र भलत्याच पत्त्यावर जाते, किंवा वाचलेलेच पान तीनदा वाचावे लागते.

जेवणाचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. पोट गच्च भरेल इतके खाल्ले, आणि त्यातही चटकन पचून रक्तातील साखर झपाट्याने वाढवणारे पिष्टमय पदार्थ अधिक असले, तर मुळात येणारी सुस्ती दुणावते. मेंदूला जागे ठेवणाऱ्या ओरेक्सिन या रसायनाच्या चेतापेशी ग्लुकोज वाढले की मंदावतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. जेवणानंतर रक्त पोटाकडे वळते आणि मेंदूला कमी पडते, हा मात्र नुसता प्रवाद आहे. मेंदू आपला रक्तपुरवठा बऱ्यापैकी स्थिर राखतो. तेव्हा मध्यम प्रमाणात, प्रथिने आणि चोथा पुरेसा असलेले जेवण घेणे आणि उरलेली भूक दुपारी उशिरा थोडे खाऊन भागवणे एवढे केले तरी फरक जाणवतो. जेवण टाळून सुस्ती टाळता येईल हा हिशेब मात्र चुकतो, कारण चक्राची घसरण उपाशीपोटीही येतेच आणि वर चिडचिड वाढते.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे उत्तेजकांकडे येतो. कॅफिन थकवा घालवत नाही. मेंदूत ॲडेनोसिनला बसण्यासाठी ज्या जागा असतात त्या कॅफिन आधीच खुर्ची अडवून बसणाऱ्या आगंतुकाप्रमाणे व्यापून टाकते, त्यामुळे झोपेचा दाब साठत असूनही त्याची वर्दी मेंदूला मिळत नाही. कॅफिन उतरले की साठलेला सगळा दाब एकदम जाणवतो, आणि माणूस पुन्हा यंत्राकडे वळतो. हे एकवेळ चालले असते, पण कॅफिन शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. निरोगी प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सरासरी पाच तासांच्या आसपास लागतात. काहींमध्ये याहून बराच कमी, तर काहींमध्ये बराच जास्त वेळ लागतो, आणि गर्भवती स्त्रियांमध्ये तसेच गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये तो आणखी लांबतो. पाच तासांचा सर्वसाधारण हिशेब धरला तरी दुपारी तीन वाजता घेतलेल्या १०० मिलिग्रॅम कॅफिनपैकी ५० मिलिग्रॅम रात्री आठला आणि २५ मिलिग्रॅम मध्यरात्रीनंतर एकला शरीरात शिल्लक असते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलेल्या व्यक्तींची झोप एक तासाहून अधिक घटल्याचे आढळले. ही मात्रा मोठी आहे, हे मान्य; पण दुपारभर दर तासाला पेला भरून आणणाऱ्यांना ती फार दूर नाही. अनेकांना कॅफिन घेऊनही झोप लागते आणि म्हणून त्याचा आपल्यावर परिणाम होत नाही असे वाटते, परंतु झोप लागणे आणि ती पुरेशी खोल असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत.

मी चहा-कॉफीचा वैरी नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला एकूण ४०० मिलिग्रॅमपर्यंतचे आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंतचे कॅफिन सुरक्षेच्या दृष्टीने चिंतेचे नाही असे मत दिले आहे, आणि गर्भवतींसाठी दिवसाची मर्यादा २०० मिलिग्रॅम सांगितली आहे. सकाळच्या पेल्याविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही. आक्षेप आहे तो दुपारच्या पेल्याला कार्यव्यवस्थेचा आधारस्तंभ बनवण्यास. ज्यांना ही सवय मोडायची आहे त्यांनी एका दिवसात सगळे बंद करू नये. नियमित घेणाऱ्याने कॅफिन अचानक सोडले तर १२ ते २४ तासांत डोकेदुखी, मरगळ आणि चिडचिड सुरू होते, दुसऱ्या दिवसाच्या आसपास ती कळसाला पोचते आणि काही वेळा आठवडाभरही रेंगाळते. अशा अनुभवानंतर माणूस आपल्याला कॅफिनशिवाय जमतच नाही असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. दर काही दिवसांनी थोडे कमी करत जाणे आणि शेवटचा पेला मध्यान्हीच्या आत ठेवणे हे त्याहून सोपे जाते. शीतपेयांच्या रूपात मिळणाऱ्या शक्तिवर्धक पेयांची गोष्ट आणखी वाईट आहे. साखर भरपूर आणि कॅफिन थोडे असे पेय झोप कमी करत नाही, उलट तासाभराने सुस्ती वाढवू शकते, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसले होते. तंबाखूविषयी वेगळे लिहिण्याची आवश्यकता नाही.

दुपारची सुस्ती कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय रात्री करावा लागतो, आणि नेमका तोच सर्वांना कंटाळवाणा वाटतो. अमेरिकेतील झोपविषयक दोन वैद्यकीय संस्थांनी २०१५ मध्ये एकत्रितपणे प्रौढांनी नियमितपणे रात्री किमान सात तास झोपावे अशी शिफारस केली. सहा तासांवर आपले छान भागते असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग लक्षात घेण्याजोगा आहे. त्यात काही निरोगी प्रौढांना सलग १४ दिवस रोज सहाच तास झोपू दिले गेले. दोन आठवड्यांच्या अखेरीस अवधानाच्या चाचण्यांत त्यांची कामगिरी रात्रभर मुळीच न झोपलेल्यांइतकी खालावली होती. आणि त्याहून चिंताजनक गोष्ट अशी, की ती खालावत चालल्याचे त्यांना स्वतःला फारसे जाणवत नव्हते. पहिल्या काही दिवसांनंतर त्यांनी स्वतःच्या झोपाळूपणाला दिलेले गुण जवळजवळ स्थिर राहिले, चुका मात्र वाढत गेल्या. तेव्हा अपुऱ्या झोपेची सवय झाली आहे या विधानाचा अर्थ, अपुऱ्या झोपेची जाणीव राहिलेली नाही, असा घ्यावा लागतो. येथे कामावर ठेवणाऱ्यांनीही स्वतःकडे पाहावे. रात्री अकरा वाजता संदेश पाठवून सकाळी नऊला त्यावर चर्चा ठेवणाऱ्या वरिष्ठाने दुपारी तीन वाजता हाताखालच्या माणसाला आलेल्या जांभईबद्दल नाराजी दाखवणे शोभत नाही.

दुपारच्या छोट्या झोपेविषयी मात्र जितके संशोधन झाले आहे तितका संकोच अजून गेलेला नाही. अमेरिकेच्या नासा या अंतराळ संस्थेने लांब पल्ल्याच्या विमानांच्या वैमानिकांवर केलेल्या आणि १९९४ मध्ये अहवालरूपाने प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उड्डाणादरम्यान आळीपाळीने ४० मिनिटांची विश्रांती मिळालेले वैमानिक सरासरी सुमारे २६ मिनिटे झोपले. आणि विमान उतरवण्याआधीच्या निर्णायक टप्प्यात, विश्रांती न मिळालेल्या सहकाऱ्यांच्या मानाने त्यांची सतर्कता स्पष्टपणे चांगली होती. शेकडो प्रवाशांचे प्राण हाती असलेल्यांना जे उपयोगी पडते ते हिशेबाच्या वह्या तपासणाऱ्याला अशोभनीय कसे ठरते, हे मला अद्याप कुणी समजावून सांगितलेले नाही. किती वेळ झोपावे हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठात पाच, दहा, वीस आणि तीस मिनिटांच्या डुलक्यांची तुलना करण्यात आली, तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. दहा मिनिटांच्या डुलकीचा लाभ जाग आल्याबरोबर दिसला आणि बराच वेळ टिकला. तीस मिनिटांच्या डुलकीनंतर लाभ मिळाला, पण त्याआधी काही काळ माणसे गुंगीत राहिली. झोप खोल टप्प्यात शिरल्यावर उठवले की ही गुंगी येते, आणि दुपारी जास्त वेळ झोपून उठल्यावर डोके जड झाल्याची तक्रार करणाऱ्यांचा अनुभव बहुधा याच कारणाने घडतो. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने २०१४ च्या झोपविषयक मार्गदर्शक तत्त्वांत काम करणाऱ्या लोकांना दुपारच्या पहिल्या भागात ३० मिनिटांहून कमी झोप घेण्याची शिफारस केली, ती हेच ध्यानात घेऊन.

व्यवहारात यासाठी पलंग लागत नाही. पाठ टेकवता येईल अशी खुर्ची, कमी उजेडाचा एक कोपरा आणि वीस मिनिटांचा गजर पुरतो. झोप लागलीच पाहिजे असा हट्ट नको; डोळे मिटून स्वस्थ बसल्यानेही बरे वाटते. ही डुलकी तीनच्या आत आटोपावी, नाहीतर रात्रीची झोप लांबते, आणि ज्यांना रात्री झोप लागण्यास मुळातच त्रास होतो त्यांनी दिवसा डोळे न मिटलेलेच बरे. संकोचाचे म्हणाल, तर कार्यालयाबाहेर धूम्रपानासाठी दिवसातून चारदा जाणाऱ्याची अनुपस्थिती कुणी मोजत नाही आणि जागेवर दहा मिनिटे डोळे मिटणाऱ्याची वार्ता मात्र वरपर्यंत जाते. हा हिशेब कधीतरी तपासला जावा.

उजेड आणि हवा यांच्याकडेही आपले दुर्लक्ष होते. डोळ्यांच्या पडद्यात, पाहण्यासाठी लागणाऱ्या पेशींखेरीज, मेलानोप्सिन नावाचे रंगद्रव्य असलेल्या काही पेशी असतात; त्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि आता दिवस आहे ही बातमी थेट शरीराच्या घड्याळाकडे पोचवतात. कार्यालयातील टेबलावर साधारणपणे ३०० ते ५०० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश असतो, ढगाळ दिवशी उघड्यावर तो काही हजारांत असतो आणि भर उन्हात एक लाखाच्या घरात जातो. आपल्या डोळ्यांना खोलीतील उजेड पुरेसा वाटतो, पण या पेशींच्या हिशेबी आपण दिवसभर तिन्हीसांजेत बसलेलो असतो. सुट्टीतील दहा-पंधरा मिनिटे बाहेर मोकळ्या उजेडात चालण्यात घालवली तर उजेड आणि हालचाल दोन्ही मिळतात, आणि दिवसाच्या उजेडाचा फायदा रात्रीच्या झोपेलाही होतो. खिडकीजवळच्या जागा अधिकाराच्या श्रेणीनुसार वाटण्याऐवजी दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्यांना दिल्या तर काय बिघडेल, असाही एक विचार मनात येतो.

बंद खोलीतील हवेचे तसेच आहे. माणसांच्या उच्छ्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड हा हवा किती शिळी झाली आहे हे ओळखण्याचा मापदंड म्हणून वापरावा, असे जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच सुचवले होते आणि खोलीतील त्याचे प्रमाण दहा लाख भागांत १,००० भागांच्या आत असावे असे म्हटले होते. बाहेरच्या हवेत ते आज सुमारे ४२० भाग असते. दारे-खिडक्या लावलेल्या छोट्या सभागृहात दहा-बारा माणसे तासभर बसली, की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. या वायूचा विचारशक्तीवर नेमका किती परिणाम होतो याविषयी प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत; परंतु कोंदट, उबदार आणि शांत खोली झोप आणते, हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६४ मध्ये व्यापार व कार्यालयांतील आरोग्यरक्षणाविषयी स्वीकारलेल्या १२० क्रमांकाच्या करारात हवा, उजेड, तापमान, पिण्याचे पाणी आणि बसण्याची सोय या सर्वांचा उल्लेख आहे. म्हणजे कर्मचाऱ्याने खिडकी उघडण्याची विनंती करणे हा नाजूकपणा समजला जाऊ नये. पाण्याविषयी एवढेच, की शरीरातील पाणी वजनाच्या एक-दोन टक्क्यांनी घटले तरी थकवा आणि अनवधान जाणवू लागते, आणि ती घट भरून काढण्यासाठी साधे पाणी पुरते.

माझ्या कामाशी ज्याचा सर्वांत जवळचा संबंध आला तो प्रश्न वेळापत्रकाचा. दुपारी दोनची वेळ सर्वांची मोकळी असते म्हणून बैठका तेव्हा ठेवल्या जातात. पण ती मोकळी का असते, याचा विचार होत नाही. मग दिवे मंद करून पडद्यावर आकडे दाखवले जातात, एक जण बोलतो, पंधरा जण ऐकतात, दार लावलेले असते. झोप आणण्यासाठी याहून नेटकी व्यवस्था मुद्दाम आखूनही साधली नसती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारच्या पडद्यावर नजर ठेवणारे लोक काही वेळाने संकेत का चुकवतात, हे शोधण्यासाठी नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी एका काट्याच्या यंत्रावर प्रयोग केले आणि १९४८ मध्ये त्याविषयी लिहिले. काटा एकसारखा पुढे सरकत असे आणि क्वचित एकदम दुप्पट उडी मारत असे. ती उडी टिपायची, एवढेच काम होते. निवडक, सरावलेली माणसेही पहिल्या अर्ध्या तासातच अधिक उड्या चुकवू लागली. एकसुरी देखरेखीचे काम भर सकाळीही अर्ध्या तासानंतर ढासळत असेल, तर दुपारी तीनला ते दोन-दोन तास अखंड करून घेण्यात शहाणपण नाही.

म्हणून ज्यात बारीक तपासणी आहे, ज्यातील चूक महाग पडते आणि जे एकट्याने गप्प बसून करावे लागते ते काम सकाळकडे सरकवावे. दुपारचे दोन तास दूरध्वनी, समोरासमोरची बोलणी, कागदांची लावालाव, प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणे अशा हातपाय आणि जीभ हलवणाऱ्या कामांना द्यावेत. तपासणीचे काम दुपारी करावेच लागले तर दोघांनी मिळून, एकाने वाचून दाखवत आणि दुसऱ्याने ताडून पाहत करावे. बैठक घ्यावीच लागली तर ती उभ्याने किंवा चालत घेता येते, आणि प्रशिक्षणाच्या वर्गात त्या तासाला व्याख्यानाऐवजी प्रात्यक्षिक ठेवता येते. दहा मिनिटांहून लहान विश्रांतीच्या अभ्यासांचा २०२२ मध्ये एकत्रित आढावा घेण्यात आला. अशा विश्रांतीने उत्साह वाढतो आणि थकवा घटतो असे त्यात आढळले, मात्र कामगिरीतील सुधारणा सर्व प्रकारच्या कामांत सारखी दिसली नाही. म्हणजे दर तासाला पाच मिनिटे उठल्याने चमत्कार घडेल असे मी म्हणणार नाही. तरी उठण्याचा मार्ग जिन्याने जात असेल तर बरे. जॉर्जिया विद्यापीठात अपुरी झोप असलेल्या तरुणींवर केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा मिनिटे जिना चढ-उतार केल्याने आलेली हुशारी ५० मिलिग्रॅम कॅफिनने आलेल्या हुशारीपेक्षा, त्या क्षणी तरी, अधिक होती.

सेवा देणाऱ्या खिडक्या दुपारी बंद ठेवता येत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उत्तर आळीपाळीचे आहे: एका खिडकीवरचा माणूस वीस मिनिटे उठला तर शेजारच्याने त्याचे काम पाहावे आणि मग उलट. आठ तासांच्या ४८० मिनिटांपैकी वीस मिनिटे म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास. दुपारी झालेली एक चूक निस्तरण्यास दुसऱ्या दिवशी याहून जास्त वेळ जातो, हे कोणताही अनुभवी पर्यवेक्षक सांगेल. रात्रपाळी करणाऱ्यांना मात्र यांतील पुष्कळसे लागू पडत नाही. त्यांची लढाई दुपारच्या उथळ घसरणीशी नसून पहाटेच्या खोल घसरणीशी असते आणि तिचा विचार स्वतंत्रपणे व्हायला हवा.

एक गोष्ट राहते. रात्री सात-आठ तास झोपूनही ज्यांना दिवसा रोज अनावर झोप येते, बोलताबोलता किंवा वाहन चालवताना ज्यांचे डोळे मिटतात, त्यांच्यासाठी यांतील कोणताही उपाय पुरेसा नाही. मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास अडणे, रक्तक्षय, थायरॉइड ग्रंथीचे मंदावलेले काम, मधुमेह, नैराश्य, ॲलर्जीवर घेतल्या जाणाऱ्या काही जुन्या गोळ्या अशी अनेक कारणे त्यामागे असू शकतात, आणि त्यांतील बहुतेकांवर उपचार आहेत. ऑस्ट्रेलियातील डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये तयार केलेल्या एपवर्थ झोपाळूपणा मापनात आठ साधे प्रश्न असतात. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २४. बेरीज दहाच्या वर गेली तर डॉक्टरांना भेटावे, असा सर्वसाधारण संकेत आहे, आणि ही प्रश्नावली भरायला पाच मिनिटेही लागत नाहीत. अशा व्यक्तीच्या हाती यंत्र किंवा वाहन असेल तर तपासणी होईपर्यंत तिला ते काम देऊ नये. आणि ती टेबलावर काम करणारी असेल तर कामात डुलकी घेतल्याबद्दल खुलासा मागणारे पत्र देण्याआधी तिला तपासणीसाठी पगारी रजा द्यावी.

कळावे,
आपला,
एक वाचक